थेंबभर दूध

बाळंतिणीने महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही, अशी चीनमधल्या दालियान शहराची रीत. यीलानचं बाळ जन्मतःच गेलं, आणि ती बाराव्या दिवशी प्रयोगशाळेत हजर झाली.

“वारा बाधेल गं तुला,” बाटल्या धुणाऱ्या फंगमावशी पुटपुटल्या.

“घरी कुणासाठी बसू, मावशी?”

दुपारी प्रयोगशाळेच्या नव्या उत्प्रेरकाने दोन साध्या अल्कोहोलांपासून लॅक्टिक आम्ल करून दाखवलं. इथल्या भाषेत त्याचं नावच दुधाचं आम्ल.

“गाईला रजा द्या आता,” प्रयोगशाळेचे प्रमुख तांग सर हसत म्हणाले. “दूध थेंबभरही लागलं नाही.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यीलाननेही वाजवल्या.

 

मग तिने नोंदवही उचलून छातीशी धरली. पांढऱ्या कोटावर दुधाचा ओला डाग पसरत चालला होता.