हातावरचा नंबर

अंदमानला निघण्यापूर्वीच मी ठरवलं होतं, लेकीच्या, सानिकाच्या हातावर बॉलपेननं माझा मोबाइल नंबर लिहायचा. गणपतीच्या गर्दीत दरवर्षी लिहिते, तसाच. सलिल म्हणाला, "समुद्राला वाचता येतं का?"

तरी लिहिला. लाल झेंड्यांच्या पलीकडे तिला जाऊ दिलं नाही, गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरू दिलं नाही. फक्त एकदा, टॉवेलमधली वाळू झटकताना, दोन मिनिटं ती दिसेनाशी झाली. मग आपणहून चालत आली. तेव्हापासून मला धड झोप नाही.

धायरीला परतून आज आठ दिवस झाले, पण नंबर काही जात नाही. साबण झाला, डाळीचं पीठ झालं, खोबरेल झालं.

"राहू दे ना," सानिका रोज म्हणते.

आज तिला अंघोळ घालताना दमून खालीच बसले आणि पहिल्यांदा तो नंबर नीट वाचला. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ होती. मी अशी रेघ कधीच देत नाही. आणि नंबरही माझा नव्हता.

सलिलला सांगितलं. लॅपटॉपवरून मान वर न करता तो म्हणाला, "घाईत चुकली असशील. लावून बघ."

ओल्या हातानंच लावला. पहिल्याच रिंगला एका बाईनं उचलला. माझ्याइतकीच थकलेली वाटली.

"सापडली का हो माझी मुलगी?"

सानिकानं फोनसाठी हात पुढे केला.

"दे मला," ती म्हणाली. "आई आहे."