तोंडावर येणाऱ्या पुंगळ्या

गव्हाच्या शेतांवरून येणारा वारा. थर्मासमधली गार कॉफी. गालावर भाजल्याचा गोल डाग. नवंकोरं पिस्तूल.

आज नेमबाजीच्या परीक्षेत नापास झाली, तर डार्लाला शेरिफच्या कचेरीतली नोकरी मिळणार नव्हती. आणि प्रत्येक गोळीमागे काडतुसाची तापलेली रिकामी पुंगळी बाजूला उडण्याऐवजी तिच्याच तोंडावर येत होती.

"मनगट ढिलं पडतंय, पोरी," परीक्षक वेंडल म्हणाला. "बायकांचं होतंच तसं."

"या मनगटाने मी वासरं आडवी पाडते. तुम्हीच गोळी झाडून बघा की!"

त्याने झाडली. पुंगळी त्याच्या खांद्यावरून मागे आली आणि पाठीमागे उभ्या डार्लाच्या त्याच डागावर बसली.

वेंडलचं हसू मावळलं. "मागच्या काचेच्या खोलीत जा."

ती गेली. पुढची पुंगळी काचेवर आपटली, बरोबर तिच्या गालासमोर. ती डावीकडे सरकली. टक्. डावीकडेच. ती खाली बसली. टक्. तिथेही.

मग डार्ला उठली, दार उघडून बाहेर आली आणि तिने गाल पुढे केला.

"ये," ती म्हणाली. "डोळे मिटणार नाही, अन् नोकरीही सोडणार नाही."

गाल चरचरला.

पहिली पुंगळी काचेवर आपटली, तेव्हाच वेंडलने पिस्तुलातल्या गोळ्या काढून ते खाली ठेवलं होतं.