कोप्यांचा मतदारसंघ

"आधी मत, मग कोयता," उसाच्या फडाच्या तोंडाशी उभ्या ऊसतोड्या सुदामतीनं सांगितलं. मुकादमाचा ट्रॅक्टर रिकामाच थांबला.

मतदानाआधीचे काही महिने माणूस जिथं झोपला, तिथंच त्याचं मत, हे आता उपग्रह बघून ठरायचं; वस्ती हलली की मतदारसंघाची रेघही तिच्यामागं हलायची. त्यामुळे ऊसतोड्यांच्या कोप्यांचाही, त्या पाचटाच्या झोपड्यांचाही, मतदारसंघ होऊ शकत होता. मतदान मात्र भरघोस हवं. मागच्या खेपेला निम्मी माणसं उसातच राहिली आणि मतदारसंघ आखणाऱ्या यंत्रानं कोप्या सरळ शेजारच्या शहराला जोडून टाकल्या. शहराचा आमदार पाच वर्षांत एकदाही इकडं फिरकला नाही.

म्हणून या वेळी सुदामती स्वतःच निवडणुकीला उभी होती. ओली बाळंतीणसुद्धा लेकरू कवटाळून यंत्रावर अंगठा ठेवायला आली. दुपारी मोबाइलवरच्या नकाशातली हिरवी रेघ शहरापासून सुटली आणि कोप्यांना वळसा घालून जुळली.

संध्याकाळी निवडणूक अधिकाऱ्याचा फोन आला. "अभिनंदन, आमदारताई. पत्ता काय लिहू?"

सुदामतीनं पेटलेल्या चुलींकडं बघितलं.

"हाच फड लिहा, साहेब. पुढच्या महिन्यात आम्ही नदीपल्याड जाऊ, तवा मतदारसंघबी आमच्यासंगं येईल."