तीन पाकिटं

“फॉर्म संपले,” खिडकीतला कारकून म्हणाला.

“विक्री आज दहाला सुरू झाली. आत्ता दहा वीस झालेत,” मनोरमाबाई म्हणाल्या. “किती फॉर्म होते?”

“होते तेवढे होते. तुम्हाला काय साकव बांधायचाय, बाई?”

“बांधायचा नाही. फॉर्म मिळतो का, ते बघायचं होतं. बघितलं.”

मागच्या बाकावर गोखिवऱ्याचे हरिश्चंद्रशेठ चहा पीत बसले होते. ते गालातल्या गालात हसले. नाव हरिश्चंद्र आणि धंदा हा! भुईगावच्या ओढ्यावरचा साकव त्यांनी चार वर्षांत दोनदा बांधला आणि तो दोन्ही वेळा कोसळला. दुसऱ्या वेळी बाईंची मैत्रीण फ्लॉसी विकायच्या फुलांची पाटी घेऊन त्यावरून चालली होती. पाय मोडला. तेव्हापासून ती काठी टेकत चालते आणि फुलं विकायला तिची सून जाते. आता तिसऱ्यांदा कंत्राट निघालं होतं आणि फॉर्म पुन्हा एकट्या शेठना मिळाला होता.

मनोरमाबाई घरी आल्या त्या धुमसतच. तीस वर्षं शाळेत शिकवलेलं. कॉपी पकडली की त्यांचा आवाज चढायचा, तसाच आज चढला.

“अहो, कागद काढा. ठाण्याला नवे साहेब आलेत, भले आहेत म्हणतात, त्यांना लिहायचंय. असले नियम जाळून टाकायला हवेत!”

प्रल्हादरावांनी शांतपणे चष्मा लावला. ते तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. अक्षर मोत्यासारखं, कायदे तोंडपाठ. गावात कुणाचं लग्न असो, पत्रिकांचे पत्ते त्यांनीच घालायचे.

“सांग,” ते म्हणाले.

“फॉर्म पंधरा दिवस विकले पाहिजेत. मागेल त्याला. पाकिटं सर्वांसमोर फोडायची. सील गावातल्या माणसाने तपासायचं, सही करायची. आणि निदान पाच पाकिटं आल्याशिवाय काम द्यायचं नाही.”

“पाच नको गं. या एवढ्याशा साकवाला पाच जण कुठून येणार? तीन म्हण. साहेब लगेच मान्य करतील.”

बाईंना ते पटलं. नवरा कचेरीतच मुरलेला माणूस. त्यांनी तीन लिहायला सांगितलं.

पत्र पाकिटात घालून प्रल्हादरावांनी ते चिकटवलं. मग सवयीने देवघरातली हळदीची वाटी ओढली आणि पाकिटाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात डावा अंगठा टेकवला.

“अहो, तक्रार आहे ती! लग्नपत्रिका नव्हे.”

“काम फत्ते व्हायला हवं ना? हातालाच सवय झालीय.”

अंगठ्याचा ठसा नेहमीसारखा दुभंगलेला उमटला. फार वर्षांपूर्वी केळीचा घड उतरवताना कोयता लागून तो अंगठा मधोमध चिरला होता. टाके नीट बसले नाहीत. गावातल्या प्रत्येक घरी, जुन्या पत्रिकांवर, त्या दोन फाका सापडतील.

साहेब खरंच नवे होते आणि खरंच भले होते. दोन महिन्यांत आदेश निघाला: जुनी निविदा रद्द, नवे नियम लागू. बाईंनी घरात पेढे वाटले. त्याच आठवड्यात त्यांचा जितेंद्रही गोखिवऱ्याला एका सिमेंटच्या गोदामावर सुपरवायझर म्हणून लागला. वर्षभर घरी बसून होता पोरगा. प्रल्हादरावांनीच ओळख काढून लावला. बाईंनी देवापुढे दुसरा पेढा ठेवला.

पाकिटं फोडायच्या दिवशी सगळं भुईगाव कचेरीत लोटलं. प्रल्हादराव तेवढे आले नाहीत. त्यांचा गुडघा धरला होता. फ्लॉसी मात्र काठी टेकत आली आणि पहिल्या रांगेत बसली.

“मनू, या वेळी घट्ट साकव होईल ना गं?” तिने विचारलं. “नातवंडं त्यावरूनच शाळेत जातात. रोज ती घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.”

“होईल. आता नियम आपले आहेत,” मनोरमाबाई म्हणाल्या.

साहेबांनी पेटीचं कुलूप उघडलं. आत बरोबर तीन पाकिटं होती. एक विरारच्या फर्मचं, एक नालासोपाऱ्याच्या, एक हरिश्चंद्रशेठचं. पत्ते तीन वेगवेगळ्या टाइपरायटरवर छापलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत त्या पेटीतून एकाहून जास्त पाकीट निघालेलं कुणी पाहिलं नव्हतं. शेठही टाळ्या वाजवत होते.

“नियमाप्रमाणे सील गावाच्या प्रतिनिधीने तपासायचं,” साहेब म्हणाले. “हा नियम तुमचाच, बाई. या. एकदा सही केलीत की मग कुणाला तक्रार करता यायची नाही.”

मनोरमाबाई पदर सावरून उठल्या. पहिलं पाकीट घेतलं. लाखेचं सील शाबूत होतं. मागची बाजू खालपर्यंत पाहून त्यांनी ते टेबलावर ठेवलं. दुसरं घेतलं. तेही शाबूत. तिसरं पाहायला त्यांना जरा वेळ लागला.

“सगळं नियमाप्रमाणे आहे ना?” साहेबांनी पेन पुढे केलं.

“कर गं सही, मनू,” फ्लॉसी मागून म्हणाली.

बाईंनी पेन घेतलं नाही. त्यांच्यासमोर तिन्ही पाकिटं पालथी पडली होती आणि प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात हळदीचा एक अंगठा होता, मधोमध दुभंगलेला.