तिसरं पातं

नववा बाणही वाया गेला. हवेच्या नळीतून सुटला तो झोकांड्या खातच, समोरची फळी सोडून भलतीकडे वळला आणि मैदानाच्या पार टोकाला कुंपणाच्या झुडपात जाऊन पडला. आठवा उजवीकडे गेला होता, हा डावीकडे. एक दिशा धरून चुकेल तर शपथ!

"छ्या! डोकं फिरवलंय नुसतं!" तात्यांनी सायकलचा पंप आपटला.

मागच्या दाराच्या पायरीवर बायको मटार सोलत बसली होती. "मी नाही हं जाणार आणायला," मान वर न करता ती म्हणाली. "माझे गुडघे धरलेत."

"तुला कुणी सांगितलंय?" तणतणत तात्या निघाले. मैदानाचं ते टोक दीडशे पावलांवर. तिथे झुडपात हात घालून बाण शोधायचा, काटे काढायचे, पुन्हा दीडशे पावलं परत. महिनाभर रोज सकाळी हाच धंदा चालला होता.

तात्यांनी तीस वर्षं लेथ चालवला. केसभर फरक दिसला तरी ते घडवलेला भाग भंगारात टाकायचे. वर्कशॉपातले निवृत्त लोक दरवर्षी एका रविवारी जमत. घरी बनवलेल्या हवेच्या नळीतून घरी बनवलेले बाण फळीवर मारायची त्यांची स्पर्धा होती, आणि ती सहा वर्षं तात्यांनीच मारली होती. पण चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि हाताला बारीकशी थरथर लागली. गेल्या आठवड्यात फोरमन फाटकाशी थांबून म्हणाला होता, "काय तात्या, यंदा राहू दे. हात गेले आता." तेव्हापासून तात्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

बाण तसा साधा. प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा, पुढे लाकडी टोक, मागे पातळ पत्र्याची तीन पाती. टोक जड असलं आणि पाती सरळ असली की बाण नाकासमोर जातो. तात्यांनी टोकात मोठा नट घालून पाहिला. शेपूट हलकं केलं. पंपाचा वायसर बदलला. नळी आतून पुसपुसून आरशासारखी केली. वाऱ्याला शिव्या दिल्या, पत्रा विकणाऱ्याला दिल्या. फक्त पाती तपासली नाहीत, कारण पाती बायको चिकटवायची. तिनं अर्ध्या गल्लीचे कपडे शिवले होते आणि तिची शिवण कधी दोराभरही इकडची तिकडे गेली नव्हती. तो हात तपासायचा म्हणजे तिचा अपमानच की!

"डॉक्टरांनी रोज दोन किलोमीटर चालायला सांगितलंय," ती अधूनमधून आठवण करायची. "नाहीतर पुन्हा छाती उघडावी लागेल म्हणालेत."

"बिनकामाचं फिरायला मी काय मोकाट जनावर आहे?" तात्या खेकसायचे. "इथे बाण सरळ जाईना आणि हिला फिरायचं सुचतंय!"

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तपासणी होती. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहिली, छातीला स्टेथोस्कोप लावला, पुन्हा पट्टी पाहिली.

"वा! रोज किती चालता?"

"चालतोय कुठला? वेळ आहे का मला?"

"चालल्याशिवाय हे असं होत नाही, तात्या. आता छाती उघडायचं विसरा."

तात्यांनी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचत होती. कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं.

घरी आल्यावर तात्यांनी कपडेसुद्धा बदलले नाहीत. महिनाभराचे सगळे बाण टेबलावर ओतले आणि कपाटातून काटकोन तपासायचा आपला जुना गुण्या काढला. पहिल्या बाणाचं पहिलं पातं काटकोनात. दुसरं काटकोनात. तिसरं जरासं वाकडं. त्यांनी दुसरा बाण घेतला. तिसरं पातं वाकडं, आणि तेवढंच. तिसरा, चौथा, दहावा, विसावा. तेवढंच. चूक कधी इतकी सारखी होत नाही, हे तात्यांना तीस वर्षांनी शिकवलं होतं.

त्यांच्या कानशिलांत रक्त चढलं. महिनाभर झुडपं उपसली, काटे टोचून घेतले, आठवडाभर फोरमनचं बोलणं उशाशी घेऊन झोपले, आणि ही पायरीवर बसून मटार सोलत होती!

"अगं ए! इकडे ये आधी!"

ती पदराला हात पुसत आली. तिनं टेबल पाहिलं, गुण्या पाहिला.

"महिनाभर पळवलंस मला? वेड्यासारखं?"

"पळायला कुठे सांगितलंय डॉक्टरांनी?" ती म्हणाली. "तुम्ही ऑपरेशनला आत होतात ते पाच तास मी त्या बाकावर काढलेत. पुन्हा नाही बसायचं मला तिथे. रागवा हवं तर."

तात्यांना रागवायचं होतं. तोंडही उघडलं होतं.

"आणि उद्याचे बाण शिलाई मशीनच्या खणात आहेत," तिनं डोळे पुसले. "सहा केलेत. लावून बघा तुमचा गुण्या."

तात्यांनी खण उघडला. बाणाला बाण लावून सहाही एका ओळीत ठेवले होते. त्यांनी एकेक उचलून डोळ्यासमोर धरला. अठराच्या अठरा पाती काटकोनात उभी होती. गुण्या न लावताच त्यांनी खण बंद केला, टेबलाशी परत आले आणि तो पसारा हातानं गोळा करू लागले.

"हे पत्र्याचे किती उरलेत गं तुकडे?" तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं. "सोमवारपासून वाकड्या पात्यांना पुरायला हवेत."