उजवी तोटी

जागेश्वरनं सकाळपासून सातव्यांदा बटण दाबलं. लाल गाडीच्या उजव्या दिव्याखालून पाण्याचा नाजूक पंखा उघडला आणि काच लख्ख धुऊन गेली. डाव्या तोटीतून मात्र बारीक, वाकडी धार निघाली आणि बंपरवरच सांडली.

डावीची त्याला चिंता नव्हती. तिचं भोक झिजलं होतं, पण ती गाडीबरोबर जन्मलेली होती. चिंता उजवीची होती.

उजवी धानाच्या फवारणी पंपाची होती.

परवा त्यानं दोन्ही पितळी तोट्या, वाटाण्याएवढ्या, मळ सुटावा म्हणून चिंचेच्या पाण्यात भिजत घातल्या होत्या. स्वयंपाकघरातल्याच वाटीत. त्याच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं, काल सकाळी त्या पाण्यानं समई घासली आणि उरलेलं मोरीत ओतलं. एक तोटी वाटीच्या तळाशी राहिली, दुसरी पाण्याबरोबर गेली.

"वाटीत काय हाय, सांगाचं नाई का जी? मले काय सपन पडते?" ती म्हणाली होती.

परसातल्या नालीचा गाळ त्यानं दिवसभर चाळणीनं चाळला. मग हात टेकले. जुन्या फवारणी पंपाची तोटी कानशीनं घासून घासून तेवढीच केली, चिंचेनं उजळली आणि बसवली. शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर त्याला स्वतःलाही ओळखू आल्या नसत्या. हेच त्याला सोसत नव्हतं.

तो गाडीतून उतरला, फडक्यानं काच पुन्हा पुसली, हायवेकडे पाहिलं, स्टुलावर बसला, उठला. ट्रक गेला की दुकानाचा पत्रा थरथरायचा आणि त्याला वाटायचं, गाडीचा मालक आला.

अकराला भुपेंद्र नागपूरहून आला. दोन दारांची, जमिनीला टेकलेली ही जुनी स्पोर्ट्स कार त्याची. दिवे धुणाऱ्या या पिचकाऱ्या कितीतरी वर्षं बंद होत्या. मोठमोठ्या मेकॅनिकांनी 'नवीन टाकून घ्या' म्हणून हात झटकले होते. साकोलीत पाण्याच्या मोटारी बांधणाऱ्या जागेश्वरनं मात्र त्यांची बोटभर मोटार उघडून तिच्यावर नवी तार गुंडाळली होती.

भुपेंद्रनं बटण दाबलं आणि लहान पोरासारखा दिव्यांपुढे येऊन उकिडवा बसला.

"वा, काका! चालू केलीच तुम्ही!" मग त्यानं डावीकडे बोट दाखवलं. "ही कोणी मधात गावठी बसवून देल्ली वाटते. उजवी पहा. याले म्हणते ओरिजिनल! डावी तेवढी उजवीसारखी करून द्या."

जागेश्वर फडक्यानं बंपर पुसू लागला.

भुपेंद्रनं फाईलमधून एक कागद काढून बॉनेटवर ठेवला. "रविवारी प्रदर्शन आहे. तिथं एकेक स्क्रू तपासते. दुरुस्ती करणाऱ्याची सही लागते. तुमचं नाव गाडीपुढच्या पाटीवर येणार आहे, काका."

'दिवे धुण्याच्या यंत्रणेचे सर्व भाग मूळचेच आहेत.' खाली जागेश्वरचं पूर्ण नाव छापलेलं होतं. लग्नपत्रिकेखेरीज त्यानं ते कुठं छापलेलं पाहिलं नव्हतं. तो तिथंच पाहत राहिला.

"करा ना सही. काहून थांबले?"

"चष्मा पायजे," जागेश्वर म्हणाला. चष्मा नाकावरच होता.

त्यानं पेन हातात घेतलं. उघडलं. बोटांचं काळं तेल कागदाला लागू नये म्हणून हात पँटला पुसला. परत पुसला.

तेवढ्यात मागच्या दारातून सत्यभामाबाई आली. कोपरापर्यंत चिखल, पदर खोचलेला.

"अजी, सापडली! तुमी पाय आपटत निंगून गेले, पर मी काई सोडली नाई. दगडाखाली जाऊन बसली होती रांड!" तिनं मूठ उघडली, मग पाहुणा दिसला आणि तिनं दुसऱ्या हातानं घाईघाईनं पदर सोडला.

तळहातावर वाटाण्याएवढी पितळी तोटी होती.

भुपेंद्रनं तोटीकडे पाहिलं. मग उजव्या दिव्याकडे. मग जागेश्वरकडे.

"मग ही कायची आहे?"

"फवाऱ्याची," जागेश्वर म्हणाला. "धानावर मारतो तो. सांगणारच होतो..." पण सांगणार होतो की नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

हायवेवरून एक बस गेली. भुपेंद्र एकदम हसला.

"मलेच समजलं नाही, त्यांना काय घंटा समजते? राहू द्या तीच. मस्त पाणी फेकून राहिली. करा सही."

जागेश्वरनं पेनचं टोपण लावलं आणि ते कागदावर आडवं ठेवलं. बायकोच्या हातून तोटी घेतली, मगातल्या पाण्यात बुचकळली, तोंडानं फुंकून पाहिली. मग पाना घेऊन उजव्या दिव्यापुढे गुडघे टेकले.

"काका, वाकडी पडन ती."

"पडन."

"रविवारी लोक हासतीन माह्यावर."

फवाऱ्याची तोटी काढून जागेश्वरनं खिशात टाकली, मूळची बसवली, चार आटे दिले. गुडघ्यावर हात देत उठला, गाडीत बसला. त्यानं बटण दाबलं.

डावी धार बंपरवर सांडली. उजवी दिव्याला चुकवून वर उडाली आणि भुपेंद्रच्या इस्त्रीच्या पँटवर येऊन पडली.

"आता द्या तो कागद," जागेश्वर म्हणाला.