जर्दाळूसाठी रदबदली

नरहरराव कुऱ्हाड उगारून अंगणातल्या जर्दाळूपुढं उभे राहिले आणि घरात ऐकू जाईल अशा बेतानं गरजले, "फळत नाही ना तू? मंग आज तुले ठेवत नाही."

खरं तर झाड तोडायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. कोयीपासून लेकरासारखं वाढवलेलं. समता कॉलनीतल्या उन्हात ते छपराच्या वर गेलं, पण फुलाचं नाव नाही. कृषी खात्यातल्या भाच्यानं, शिशिरनं, समजावून पाहिलं होतं, की मामा, याच्या कळीला आधी महिना-दोन महिने कडाक्याची थंडी लागते, तेव्हा कुठं ती जागी होते. रायपुरात तर स्वेटरची घडीही मोडत नाही. नरहररावांना ते पटलं नाही. त्यांचा सगळा भरवसा कीर्तनकार बुवांवर. बुवांनी मागल्या एकादशीला रंगून सांगितलं होतं, की न फळणाऱ्या झाडावर एकानं कुऱ्हाड उगारावी, दुसऱ्यानं धावत येऊन त्याचा हात धरावा आणि पुढच्या वर्षी फळेल म्हणून गयावया करावी. झाड धसका घेतं आणि फुलतं.

हात धरायचं काम बायकोकडं, अर्चनाबाईंकडं होतं. सकाळीच त्यांच्याकडून वाक्य घोटून घेतलं होतं.

अर्चनाबाई दारात आल्या. त्यांनी झाडाकडं पाहिलं. पानं फुटली की त्याची सावली दरसाल नेमकी त्यांच्या पापडांवर पडायची.

"तोडा," त्या म्हणाल्या.

असं नाही, सकाळचं वाक्य म्हण, असं नरहररावांनी दबक्या आवाजात सुचवलं.

"मले आठवते ते. तुम्ही तोडा. माह्या पापडांले ऊन तरी भेटन."

तेवढ्यात शेजारचा लोकेश कुंपणावरून डोकावला. अंकल, काट रहे हो क्या, म्हणाला, आणि घरून मोठी कुऱ्हाड आणून देऊ का, असंही त्यानं आपुलकीनं विचारलं. नरहररावांचा हात वरच अडकला. खाली घ्यावा तर झाडासमोर शब्द खोटा पडतो. मारावा तर... पुढचं त्यांना मनातही आणवेना.

मग त्यांनी बुवांसारखंच केलं. बुवा कीर्तनात एकटेच राजा होतात आणि एकटेच राणीही. नरहररावांनी खांद्यावरचा पंचा पदरासारखा डोक्यावरून घेतला, डाव्या हातानं आपलाच उजवा हात धरला आणि बारीक आवाज काढला, "राहू द्या जी. थंड्या मुलखातलं लेकरू हाय. इथल्या उन्हात, तुमच्यासंगं, टिकून राहिलं हेच काय कमी हाय? फळन पुढच्या वर्षी."

पंचा खाली आला. आवाज पुन्हा जाड झाला. "बरं. तू म्हणतेस तर सोडून देतो."

लोकेशनं टाळ्या वाजवल्या. अर्चनाबाई हसू दाबत आत वळल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "चहाबी आता त्या बाईलेच मांडायले सांगा."